आतून ओढलेली काटी

प्रिय वर्षाराणी,

आबाचे आशीर्वाद. दिवाळीनंतर पत्र लिहीन म्हणालो होतो आणि आता संक्रांतही गेली, रागावू नकोस. चौथी शिकलेला माणूस मी, पेन धरलं की बोटं आखडतात. शिवाय जे कळवायचं होतं ते वाचून तू तिकडे उसाच्या फडात घाबरशील असं वाटायचं. आता माझीच भीती मला बसू देत नाही. तुझा फोन लागत नाही, जावईबापू परमेश्वरचा तर बंदच आहे. उद्या तुमच्या टोळीचा शहादेव ट्रॅक्टर घेऊन परत तुमच्याकडे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

तुमची टोळी कारखान्याला गेली आणि आपली गल्ली ओस पडली. कुत्री भाकरीच्या वासाने माझ्याच अंगणात शिरायची. मला तर पान पडलं तरी चोर आल्यासारखं वाटतं, तुला माहीतच आहे. म्हणून मी दिवसाढवळ्या अंगणाच्या तोंडाला बाभळीची काटी, ती काटेरी फांदी, ओढून आत बसू लागलो. तिथेच घोटाळा झाला. ऊस तोडायला जाणारं प्रत्येक घर अशी काटी लावूनच जातं. त्यात मी तेलगावला बहिणीकडे जाणार म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलेलं. लोकांनी काटी बघितली आणि समजले, म्हातारा गेला.

आणि मला ताप भरला. माठापर्यंत जाववेना. रस्त्याने माणसं बोलत जायची ती ऐकू यायची, पण हाक मारायची लाज वाटली. त्यांनी का म्हणून आपलं करायचं? मग घसा इतका सुकला की मारायची म्हटली तरी हाक निघेना. भिंतीवरच्या खंडोबाकडे बघून म्हणत होतो, देवा, जन्मभर तुझ्यापुढे दिवा लावला, तुला एकदा येता येईना का? पुढे पुढे वाटायला लागलं, तोही काटी बघून माघारी गेला असेल. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मरणाची नाही, मेल्याचं कुणाला कळणार नाही याची.

खाजामियाँ आणि हमीदाचाची जोडीने उमापूरच्या बाजारातून केळी विकून गाडा ढकलत येत होते. आपल्या अंगणापाशी हमीदा थबकली. पुढचं मला खाजामियाँनेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, “थांबा जरा. जाणारा माणूस काटी भायेरून वढतो, फांदीचं जाड टोक, बुडखा, रस्त्याकडं ऱ्हातो. ह्यो बुडखा आत हाय. भाऊ घरातच हाय.” हा म्हणाला, “तुला रोज एक नवीन दिसतंय, चल.” ती जागची हलली नाही. मग त्याने उघड्या हातांनी काटी उपसली. तळहातात काटे मोडले, ते हमीदाने सुईने काढले.

रिकाम्या गाड्यावर गोधडी टाकून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. वाटेत मी सारखा मरतो, मरतो म्हणत होतो, तर खाजामियाँ म्हणतो, “गप बे उत्तरेश्वर. केळ्याच्या गाड्यावर हायेस. गिऱ्हाईक भाव इचारायलंय. सांगतो, लई पिकलेला माल हाय, आजच खपवायचाय.” तापातही हसू आलं मला. घरी आल्यावर हमीदा रोज मुगाची खिचडी घेऊन यायची. मी नको म्हटलं की म्हणायची, “नको म्हणायची ताकद आली न्हवं? मग खायची बी येईल.” आणि खाईपर्यंत दारातून उठायची नाही.

वर्षा, मी देवाला हाका मारत होतो आणि काटी मीच आतून ओढून बसलो होतो. तो आला तेव्हा त्याच्या तळहातातून रक्त येत होतं आणि अंगाला केळ्यांचा वास होता. हे मी कुणाला बोललो नाही. खाजामियाँला तर नाहीच, गावभर थट्टा करील.

आता खरी गोष्ट लिहितो. शहादेव मला म्हणाला, “आबा, ताईचे पाय सुजलेत. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येती. टोळीत कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय तिनं. पण तुमाला सांगू नको असं न्हाई म्हणाली.” सातवा महिना आहे तुझा, पोरी. कामाला खाडा नको म्हणून तू मोळ्या उचलते आहेस. तुझी आई मंजुळा कशी गेली ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तू फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, खेळत होतीस, पाठचं तिच्या पोटात होतं. तिलाही अशीच अंधारी यायची. शेजारच्या कोप्यांत बायका होत्या, एक हाक मारली असती तर धावल्या असत्या. ती कुणाला बोलली नाही, मलाही नाही. फडाच्या बांधावर झटके आले तेव्हा सगळ्यांना कळलं. तू तिच्यावर गेली आहेस. चेहऱ्याने गेलीस तेव्हा आनंद झाला होता.

म्हणून हे पत्र. शहादेवने शपथ मोडायला नको, मी काही घेतलेली नाही. पाकीट मुद्दाम चिकटवलं नाही. त्याला बजावलंय, शेजारच्या कोपीतल्या धनश्रीच्या हातात आधी दे. तिने वाचावं, परमेश्वरला वाचून दाखवावं, मग तुला द्यावं. रागावशील. खुशाल रागाव, जन्मभर बोलू नकोस, पण जिवंत राहून रागाव. बाई धनश्री, मी तुला कधी पाहिलं नाही. आमच्या पोरीने काटी आतून ओढलेली आहे. ती नको नको म्हणेल, ऐकू नकोस. आजच्या आज दवाखान्यात ने तिला. तिथे काय म्हणाले ते खाजामियाँच्या फोनवर कळवा, नंबर मागे लिहिलाय. मी दिवसभर त्याच्या गाड्यापाशीच बसून असतो. फोन वाजला की आधी मीच उचलतो, गिऱ्हाइकाचा निघतो. बरं असो, वाईट असो, पण लवकर कळवा.

तुझाच,
आबा