हेदवा

हिंगणा, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

बीपीची गोळी घेता ना? फोनवर मी काही बोलायले गेले की तुम्ही प्रार्थना सुरू करता, अन् मले गप्प बसावं लागते. म्हणून लिहून राहिले.

रविवारी सौरवदादाच्या स्मरणसभेत तुम्ही बायबलातल्या नहेम्याच्या आठव्या अध्यायावर बोलणार म्हणे, 'परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ' या वचनावर. त्यात आनंदासाठी आलेल्या 'हेदवा' या हिब्रू शब्दावर. लहानपणी हिब्रू अक्षरं तुम्हीच मले गिरवायले लावली, म्हणून मीही तो शब्द पुन्हा काढून पाहिला. आनंदाचे नेहमीचे शब्द वेगळे. हा अख्ख्या जुन्या करारात दोन-तीनच ठिकाणी सापडते, अन् त्याच्या जोडीले कुठे बळ आहे, कुठे किल्ला. नाचण्या-गाण्याचा आनंद नाही वाटत मले हा. आसरा घ्यायची जागा वाटते.

अन् त्या अध्यायातले लोक रडत होते, बाबा. त्यांले सांगितलं की खा, गोड प्या, अन् ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याले वाटा पाठवा. हे शेवटचं तुम्ही कधीच सांगत नाही.

दादाले माती देऊन आपण आलो, तेव्हा शेजारच्या इंदूबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. तुम्ही परत पाठवला. म्हणाले, "हे सुतकाचं घर नाही. माझा मुलगा प्रभूकडे गेला, इथे आनंद आहे." मग पाहुण्यांचा स्वयंपाक कोणी केला? कामिनीवहिनीनं. नवऱ्याले ठेवून आली अन् कणिक मळायले बसली. तिचे डोळे भरले तर तुम्ही तिले थांबवायले हात वर केला. पाळकाची सून मंडळीसमोर रडली नाही पाहिजे ना! त्या दिवशीचा राग माझा अजून गेला नाही.

काल तुम्ही चर्चमध्ये असताना मी घरी आले होते. वहिनी तुमचं ताट वाढते अन् आपलं गाईले घालते, हे एका घरात राहून तुम्हाले दिसत नाही? पाचवा महिना लागला आहे तिले. धंतोलीच्या डॉक्टरीणबाईनं बाळाची वाढ कमी पडून राहिली म्हटलं. हे ती तुम्हाले सांगणार नाही. मले तिनं एवढंच विचारलं, "मेघाताई, मी रडले तर प्रभू यांले जवळ घेणार नाही का?"

याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

रविवारी मी इंदूबाईंले घेऊन येते. पहिल्या बाकावर वहिनीले आम्ही आमच्या हातानं भरवू. ती रडली तर रडू द्या. तुम्ही हात वर केला, तर मी तिले तिथूनच माझ्या घरी नेईन, अन् तुमचं नातवंड हिंगण्यात वाढेल.

तुम्हाले उपदेश करता नाही आला तर खाली उतरा. बाकावर तुमच्यासाठी जागा धरून ठेवते.

आता तुमचं एकच उरलेलं लेकरू,
मेघा