गणू मास्तरचा देव काय खातो?

माजिवडे, कार्तिक वद्य पंचमी, शके १७९९

चिरंजीव सहदेव यास आबाचा आशीर्वाद. इगतपुरीस रेल्वेच्या कामावर तू धडधाकट असशील असे धरून चालतो.

येथे पटकी ओसरली. शिवेबाहेर जाऊन राहिलेले गाव परत आले, चुली पेटल्या. भात कापून झाले. तांबडी गाय व्याली. तुझी आई गुडघे धरून बसते आणि मला बोल लावते, म्हणजे तिचे बरे आहे.

एक गोष्ट कानावर घालतो. ठाण्याहून गणू मास्तर नावाचा पादरी येथे येऊ लागला आहे. आपल्यातलाच. त्याचा बाप मिठागरात माझ्या हाताखाली होता. हा बाटला आणि पायांत बूट आले. वडाखाली उभा राहून सांगतो, माणसे टाकून गेली तरी देव टाकत नाही, दिला शब्द पाळतो, लेकरासारखी राखण करतो. मी विचारले, तुझ्या देवाला नवस काय? म्हणाला, काही नाही. कोंबडे? तेही नाही. मग हा देव खातो काय? फुकट चिमूटभर मीठ कोणी देत नाही, सहदेवा. काहीतरी लबाडी असणार म्हणून मी त्याच्यावर डोळा ठेवला. पोरांच्या हातावर काय ठेवतो, कोणाच्या अंगणात बसतो, सगळे पाहिले. काही सापडले नाही. जो सापडत नाही तो पक्का चोर, असे मी चारचौघांत बोललो.

शेवंतीची खुशाली तू दोनदा विचारलीस. तुझी बायको बरी आहे. ती माहेरी गेल्याचा निरोप आम्ही पाठवला होता, तो खरा नाही. ती ठाण्यात गणू मास्तरच्या आईपाशी राहते.

गाव निघाले त्या सकाळी तिला पटकी लागली. आजाऱ्याला बरोबर न्यायचे नाही, रोग घरातच कोंडायचा, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. उशाशी घागर ठेवली आणि बाहेरून कडी घातली. गणू मास्तर रिकाम्या गावात शिरला, त्याने कडी काढली, तिला पाणी पाजले, तिची घाण धुतली. आता त्याच्या हातचे पाणी प्याली म्हणून पंच तिला घरात घेऊ देत नाहीत.

मला वाटले, हाच त्याचा डाव. आत माणूस आहे हे त्याला सांगितले कोणी? ठाण्यास जाऊन मी तिलाच विचारले.

ती म्हणाली, "आबा, त्याचा देव कसा हाय ते मना नाय ठाव. मी हाका मारीत व्हते. त्यानी ओ दिली."

मी उठून आलो. नाताळात ती बाप्तिस्मा घेणार असे कळते. तू तिच्याकडे जा, तिला परत आण. पंचांचे मी बघून घेईन. मी गेलो तर ती आता दार उघडायची नाही, आणि तिचे चुकते असे मला म्हणवत नाही.

आमचा मांडव शिवेच्या बांधावर होता. वारा गावाकडून येत होता. तिच्या हाका मलाही ऐकू येत होत्या, सहदेवा. तुझी आई उठली, तिला मी खाली बसवले.

मला नमस्कार केला नाहीस तरी चालेल, पण ये.

तुझा बाप,
राघो