जिजीला शहाणी म्हणणारे

प्रिय जिजी,

'शहाणी बाई' ही पदवी तुला केवढ्याला पडली? आधी डाव्या पायाचा अंगठा, मग गुडघ्यापर्यंत पाय, मग तूच. एवढी महाग पदवी सारंगखेड्यात दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल!

आज नंदुरबारला मनाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलोय. नंबर यायला वेळ आहे. तुझी आठवण आली, राग आला, म्हणून लिहितोय.

दाजी गेले आणि तू कोपरा धरलास. दुखवट्याला दारावर येणाऱ्या बायांबरोबर रडलीस, ते रीतीचंच. पण बाया यायच्या थांबल्या तरी तू उठली नाहीस. शुगरच्या गोळ्या उशीखाली साठत गेल्या. आणि ओट्यावर बाया काय म्हणायच्या? माझे तिखट कान तर तुला माहीतच आहेत! "शानी बाई शे व. वरीस व्हयनं, उंबरा वलांडा नही."

अगं, आजाराला रीत समजून कौतुक करत होत्या!

डॉक्टर वेगळे नव्हते. शुगर वाढली की दरडावायचे, "आजी, गोड बंद करा!" गोड? तू चहासुद्धा अर्धा टाकून द्यायचीस. गोळी का सुटली, हे विचारायला काय जातं? एक पाना घेऊन मी पंपदुरुस्तीचं दुकान उभं केलं. गिऱ्हाईक "मोटार चालू शे" म्हणालं, तरी मी आधी विचारतो, पाणी येतंय का?

मी विचारलं, गोळी का घेत नाहीस, तर तू म्हणालीस, "कोनासाठे लेऊ रे भाऊ?"

तसाच तुझ्या थोरल्या दिरांकडे, आप्पांकडे गेलो. म्हटलं, हिला मनाच्या डॉक्टरला दाखवतो. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आपला घरमा डोकाना डॉक्टर कोन्हीच देखा नही!" आतून तुझा आवाज आला, "ऱ्हाऊ दे, भाऊ." आणि आप्पा मला म्हणतात, "बघ, कशी शानी शे!"

जिजी, तेव्हा तरी भांडायचंस की गं! लहानपणी माझ्यासाठी अख्ख्या गल्लीशी भांडायचीस.

तुला शब्द देतो. यापुढे कुणी गोळी सोडली, तर गोडाची चौकशी नंतर, आधी माणसाची. आज ज्यांना आणलंय, त्यांना रोज सकाळी माझ्यासमोर गोळी घ्यायला लावीन. राग गिळून लावीन.

तुझ्या थोरल्या जाऊबाई दिवाळीत गेल्या. तेव्हापासून आप्पा ओट्यावरसुद्धा येत नव्हते, शुगरच्या गोळ्याही सोडल्या होत्या. आत्ता बाकावर माझ्या शेजारी बसलेत. नंबर त्यांचाच आहे.

तुझा धाकटा,
हिरामण