ओठ हलतात, आवाज नाही

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. ऑफिसातल्या एका व्हेंडरने जानेवारीत दिलेली डायरी अजून कोरी होती. नियम एकच. इथे फक्त खरं लिहायचं. वाचणारं कोणी नाही, तेव्हा जमायला हरकत नाही.

खरं क्रमांक एक. पाचव्या मजल्यावरची मनाली काल लिफ्टमध्ये भेटली. बावीस तारखेला सोसायटीच्या हॉलमध्ये ‘कोरडी भरती’ दाखवणार आहेत. म्हणाली, काका, तो आता कल्ट झालाय, नवी साफ केलेली प्रिंट आलीय, आणि तुम्ही त्याच्या म्युझिकबद्दल नेहमी बोलत असता, तर सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं बोलाल का? ‘काका’ सोडलं तर विनंती रास्त होती. हो म्हणालो.

खरं क्रमांक दोन. मी तो चित्रपट पाहिलेला नाही.

सकाळी ७.४०
वरचं वाक्य जरा कठोर झालंय. तांत्रिकदृष्ट्या पाहिलेला नाही. पण सत्तावीस वर्षं त्यावर मत देतोय, म्हणजे संबंध आहेच.

सुरुवात जानेवारी १९९८. कळव्याला अरुणाला बघायला गेलो होतो. पोहे आले. माझ्या आईने छंद विचारला. अरुणा म्हणाली, गाणी ऐकते, सध्या ‘कोरडी भरती’ची कॅसेट रोज लावते. आता मुलाने काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, पिक्चर दोनदा पाहिलाय, ठीक आहे, पण संगीत साफ फसलंय, नुसता गोंगाट. तिचे मामा म्हणाले, मुलगा अभ्यासू दिसतो. लग्न ठरलं.

तेव्हा ही गोष्ट अरुणाला कळता कामा नये. आमचा संसार त्या पोह्यांवर उभा आहे.

संकल्प: पुढच्या रविवारपर्यंत चित्रपट गुपचूप बघून टाकणे.

५ नोव्हेंबर, बुधवार
नाही पाहिला. सुट्टी होती, पण सुट्टीच्या दिवशी अरुणाची बँकही बंद असते. ती दिवसभर घरात.

८ नोव्हेंबर, शनिवार
नाही पाहिला. आमचा निखिल घरातल्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला. वर्क फ्रॉम होम. पोराला होम आमचं आणि वर्क कोणाचं हे विचारायचं होतं, पण त्याच्या कानांवर भलामोठा हेडफोन होता.

मात्र भाषण लिहून काढलं. अकरा पानं. ‘कोरडी भरतीचं संगीत: एक गोंगाट’. आधी मत आणि मग चित्रपट असा क्रम ठेवला की बघताना गोंधळ उडत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी २.२०
कामाला लागलो. ऑफिसमधली ‘कोयना’ कॉन्फरन्स रूम ‘क्लायंट कॉल’ म्हणून बुक केली. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला, कानात माझे नेहमीचे इअरफोन. अडतीस मिनिटं पाहिला. मग कोणीतरी काच वाजवली. त्यांचा खरंच क्लायंट कॉल होता.

पहिलं मत: गोंगाट अजून आलेला नाही. पुढे असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.३०
संपला. ‘कोयना’तच, तीन हप्त्यांत. मी हादरलो आहे.

या चित्रपटात गोंगाट नाही. या चित्रपटात गाणंच नाही. मिठागरावर काम करणारी नायिका संध्याकाळी एकटी होडीत बसते. कॅमेरा जवळ जातो. तिचे ओठ हलू लागतात आणि आवाज येत नाही. चांगली चार मिनिटं बाई गातेय आणि आपल्याला ऐकू येतो फक्त ढोलकीचा ठेका, तोही लांबून. अंगावर काटा आला. तिचं गाणं जगाने कधी ऐकलंच नाही, हे दाखवायला दिग्दर्शकाने गाणंच काढून टाकलं! केवढी हिंमत. १९९८ साली!

मी माझं मत बदलायला तयार आहे. असा माणूस आज विरळा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जुनी अकरा पानं फाडली. नवी चौदा लिहिली.

संदर्भासाठी माळ्यावरून अरुणाची कॅसेट शोधून काढली. कव्हरवर गायिकेचं नाव चक्क छापलेलं आहे. म्हणजे बाईंनी गायलं, कॅसेटही निघाली, आणि ऐन वेळी पडद्यावरून आवाज उडवला. माझा तर्क बरोबर निघाला.

कॅसेट ऐकून बघण्यात अर्थ नव्हता. घरात टेपरेकॉर्डर नाही, आणि तिच्यावर माझ्या अक्षरात माझ्याच नावाचं लेबल आहे, ‘जयप्रकाश, इंग्लिश स्पीकिंग, १ व २’. कोपऱ्यातल्या भोकांवर सेलोटेप लावली की गाण्यांच्या कुठल्याही कॅसेटवर आधीचं पुसून रेकॉर्डिंग होतं, ही युक्ती मला तेव्हा ठाऊक होती. इंटरव्ह्यूची तयारी चालू होती. कोऱ्या कॅसेट महाग होत्या. अरुणा तेव्हा काही बोलली नव्हती, म्हणजे तिलाही ती फारशी नको असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८.३०
चहाच्या वेळी अरुणाला सहज म्हणालो की ‘कोरडी भरती’ परवा तिसऱ्यांदा पाहिला आणि संगीताबद्दल फेरविचार करतोय. तिने कप खाली ठेवला. विचारलं, कुठलं गाणं? मी म्हणालो, होडीतलं. त्यात आवाज ठेवलेला नाही, तीच गंमत आहे. नुसता ठेका.

ती म्हणाली, आवाजच नाही? मी म्हणालो, नाही. ती उठून गेली. भारावली असावी.

सकाळी ११.००
अरुणाने निखिलचा तो मोठा हेडफोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. या घरात कोणाला वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही. परत निखिलच्या खोलीत नेऊन टाकला.

दुपारी १.१५
हेडफोन पुन्हा टेबलावर. पुन्हा नेऊन टाकला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पार्किंगमध्ये चेअरमन बाजीराव भेटले. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला त्यांचा गाळा आहे, मूळचे पाटणकडचे. म्हणाले, साहेब, आमाला त्यातलं काय कळत न्हाई, तुमी बोला, पर लय ताणू नगा, वडं गार व्हत्यात. त्यांना शब्द दिला की मोजून पाच मिनिटं.

आरशासमोर वेळ लावून पाहिली. सव्वीस मिनिटं. काय गाळणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.००
झब्बा इस्त्री झाला. अरुणा म्हणाली, पानं थोडी कमी करा, आणि ते होडीचं राहू द्या, तेवढं बोलू नका. मी समजावलं की भाषणाचा प्राणच तो आहे. ती म्हणाली, बरं.

आज माझा दिवस आहे.

रात्री, जेवण न करता
इथे फक्त खरं लिहायचं असं ठरलंय. लिहितो.

साठ-सत्तर माणसं होती. बावीस मिनिटं बोललो. वडे गार झाले, त्याबद्दल बाजीराव पहिल्या रांगेतून मला खुणा करत होते, मला वाटलं दाद देतायत. शेवटी म्हणालो की होडीच्या प्रसंगात तुम्हाला नायिकेचे ओठ हलताना दिसतील, पण तिचा आवाज ऐकू येणार नाही, कारण समाजाने तो कधी ऐकलाच नाही. ती शांतता ऐका. टाळ्या झाल्या. मनालीच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं, पण मुलगी लहान आहे.

मग चित्रपट. मग होडी. कॅमेरा जवळ गेला. ओठ हलले.

आवाज आला.

नुसता आला नाही, हॉलभर झाला. मागे पोरं खिदळली. बाजीराव पूर्ण वळून मोठ्यांदा म्हणाले, साहेब, ही बाई तर गातीया की! आता सगळेच हसले. निखिल माझ्या कानाशी वाकून म्हणाला, पप्पा, तुमचा उजवा इअरफोन गणपतीपासून बंद आहे, जुन्या मिक्सिंगमध्ये आवाज एका बाजूला आणि ताल एका बाजूला असतो, तुम्ही ते नुसत्या डाव्या कानाने पाहिलंत का?

मी गाणं ऐकत होतो. कारण ते माझ्या ओळखीचं होतं.

लग्नानंतर तळवलीला भाड्याच्या एका खोलीत राहायचो. पोळ्या लाटताना अरुणा हेच गुणगुणायची. रोज. पलीकडे मी टेपरेकॉर्डरपुढे ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ घोकत असायचो. एक दिवस म्हणालो, जरा हळू गं, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येतंय. तिने हळू केलं. मग कधीतरी बंद झालं. ते कधी बंद झालं हे मला सांगता येणार नाही. आज हॉलमध्ये बसेपर्यंत ते बंद आहे हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

फार सुंदर गाणं आहे. प्रोजेक्टरच्या उजेडाने डोळ्यांत पाणी आलं. प्रोजेक्टर माझ्या मागे होता. रडलो.

तिसऱ्या रांगेत अरुणाकडे पाहिलं. ती मोबाइलवर उद्याची भाजी मागवत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.००
अरुणाला सगळं सांगायचं. चहाबरोबर, शांतपणे. मग गाणं ऐकवायचं. ती पुन्हा गुणगुणू लागेल. सत्तावीस वर्षांचं काय ते एका सकाळी मिटवून टाकायचं.

९.३०
चहा झाला. मध्ये पेपर आला.

११.१५
ती आंबोळ्या घालत होती. तापल्या तव्याजवळ असलं काही बोलू नये.

दुपारी ३.००
झोपलीय.

संध्याकाळी ६.४५
सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणालो, अरुणा, तुला बघायला आलो तेव्हा मी तो पिक्चर पाहिलेला नव्हता. अकरा तारखेपर्यंत पाहिला नव्हता.

ती म्हणाली, माहितीये.

म्हणाली, तुम्ही बघायला आलात तेव्हा तो लागलाच नव्हता. नुसती कॅसेट आली होती. पिक्चर मे महिन्यात लागला, मी आणि धाकट्या बहिणीने ठाण्याला जाऊन बघितला. तुम्ही जानेवारीतच दोनदा बघून बसला होतात.

मी विचारलं, मग हो का म्हणालीस? मेथीची एक काडी बाजूला टाकून म्हणाली, वाटलं, मला आवडावं म्हणून हा मुलगा एवढं धडधडीत खोटं बोलतोय. बरं वाटलं. तोपर्यंत माझ्यासाठी कोणी खोटं बोललं नव्हतं. लग्नानंतर आपणहून सांगाल, मग दोघं मिळून हसू, असं डोक्यात होतं. दोन-तीन वर्षं वाट बघितली. तोवर तुमचं तुम्हालाच ते खरं वाटायला लागलं होतं. आणि मग निखिल झाला.

मी ठरवल्याप्रमाणे बोललो की संगीताबाबत माझं चुकलं, गाणं अप्रतिम आहे, कॅसेटचंही चुकलं. निखिलचा हेडफोन आणला, तिच्या कानांवर लावला, गाणं सुरू केलं. तिचे हात मेथीत होते म्हणून मीच धरून उभा राहिलो. एवढ्या जवळ उभं राहून तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी पाहिला असेन.

अर्ध्या मिनिटात तिने मान बाजूला घेतली. म्हणाली, थोडं लाऊडच आहे हो.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. तिला ते खरोखरच लाऊड वाटत होतं. म्हणाली, आधी आवडायचं. पण तुम्ही प्रत्येक पाहुण्यासमोर तेच सांगत राहिलात, तर मलाही तसंच ऐकू यायला लागलं. जाऊ द्या. एवढं काय त्यात? मेथीचे ठेपले करू की भाजी?

मी म्हणालो, काहीही कर.

२६ नोव्हेंबर, बुधवार
योजना. रोज सकाळी हॉलमध्ये कमी आवाजात गाणं लावून ठेवायचं. हळूहळू सवय होईल. एका महिन्यात फरक दिसायला हवा. नवीन स्पीकर मागवला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
तीन दिवस लावलं. फरक: निखिल आंघोळीला जाताना शिट्टीवर ते गाणं वाजवतो. आज लिफ्टमध्ये बाजीरावही तेच गुणगुणत होते. मला म्हणाले, साहेब, तुमी कायबी बोला, पर गानं येक नंबर हाय. अख्ख्या विंगच्या तोंडी ते बसलंय. अरुणाने आज विचारलं की स्पीकर बेडरूममध्ये नेता का, बँकेच्या फोनवर तिला ऐकू येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.४०
स्पीकरचा मार्ग चुकीचा होता. यंत्राने होणारं काम नाही हे. आज ओट्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती पोळ्या लाटत होती. तळवलीची खोली आठवली आणि मीच गुणगुणायला लागलो. सूर लागत नव्हता, पण चाल बरोबर होती. म्हटलं, चुकतंय बघून तरी तोंड उघडेल, पुढची ओळ म्हणून दाखवेल.

दुसऱ्या कडव्यापर्यंत गेलो. तिने लाटणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं.

म्हणाली, अहो, जरा हळू. कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

हळू केलं. मग बंद केलं. चार शिट्ट्या झाल्या, तिने गॅस बंद केला.