मिनेकोसानची शेवटची हजेरी

हाचिनोहे, ९ मार्च

प्रिय नोरिआकी,

तिथे तुरुंगात पत्रं तुझ्याआधी दुसरं कुणी उघडून वाचतं, म्हणून इतके दिवस मी तुला नुसती थंडी आणि बर्फच कळवत आले. आज मात्र कुणी वाचलं तरी चालेल. गुडघे आता जिना चढू देत नाहीत, त्यामुळे दुकानामागच्या खोलीतच झोपते. लॉन्ड्री चालू आहे, पण जड पांघरुणं धुवायला घेणं बंद केलंय.

याच खोलीत तीन वर्षं, महिन्यातून दोनदा, मिनेकोसान यायच्या. वय त्रेसष्ट, नवरा गेलेला. सुपरमार्केटमधून माशांचे डबे उचलताना चौथ्यांदा सापडल्या. कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलं आणि ती देखरेख माझ्याकडे आली. देखरेख कार्यालयासाठी सव्वीस वर्षं हे बिनपगारी काम करतेय, तरी पहिल्या भेटीला काय बोलावं ते अजून सुचत नाही. पहिले सहा महिने त्या ‘बरं चाललंय’ एवढंच म्हणायच्या आणि चहाला हात न लावता उठायच्या. मग एकदा आल्याच नाहीत. शोधत गेले, तर सुपरमार्केटबाहेरच्या बाकावर बसलेल्या. म्हणाल्या, “आत गेले तर उचलणार. म्हणून सकाळपासून इथेच बसलेय. घरात खायला काही नाही.” दोघी आत गेलो, मुळा आणि टोफू घेतला. तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही बाजाराला बरोबर जायला लागलो.

समोरच्या ओनोदेराबाई माझ्या गिऱ्हाइकांना हसत सांगायच्या, “तिथे कोट टाकताना खिसे रिकामे करा हं, आत पाहुण्या बसल्यात.” दोन जुनी गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. मी वैतागायचे, नाही असं नाही. हे काम सोडते म्हटलं की देखरेख कार्यालयातली कुदोसान म्हणायची, “तुम्ही सोडलंत तर या वस्तीत दुसरं कुणी नाही हो.” तेही खरंच होतं.

गेल्या गुरुवारी मिनेकोसानची देखरेखीची मुदत संपली. हल्ली त्या टेकडीवरच्या खासगी संस्थेच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. सुटून आलेल्या, घर नसलेल्या माणसांना तिथे ठेवून घेतात. मला वाटलं, आभार मानून जातील. त्या दारात बूट घालता घालता थांबल्या. म्हणाल्या, “तुमचा मुलगा कधी यायचाय?” मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. तर म्हणाल्या, “मी जेवले की नाही, हे तीन वर्षं तुम्ही विचारलंत. त्याला कोण विचारतं?” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

तू गोदाम पेटवलंस त्यात पहारेकऱ्याचा हात कायमचा अधू झाला. त्याची बायको अजून रोज दुकानावरून जाते आणि मी मान खाली घालते. दोन वर्षांपूर्वी तुझ्या लवकर सुटकेचा विषय निघाला, तेव्हा मुलाला घरात घ्याल का, असं विचारणारा कागद मला आला होता. तुला वाटलं असेल, कार्यालयाने नाकारलं. नाकारलं मी. परक्या गुन्हेगारांची मला कधी भीती वाटली नाही. तुझी लाज वाटली. काल कुदोसानकडे जाऊन, तुला घरात घेईन म्हणून, नव्या कागदावर सही केली. तुझी देखरेख पलीकडच्या वस्तीतले गृहस्थ करतील. घरच्या माणसाने ती करायची नसते. मला नुसती आई म्हणून राहायचंय, आणि त्याची सवय सुटलीय. आता तुलाही विचारतील, कुठे जाणार म्हणून. ती दोन वर्षं तुझी होती, मी घालवली. माझ्याकडे यायचं नसेल तर ‘नाही’ म्हणून सांग. मी कारण विचारणार नाही.

तुझी,
आई