दुपारची टेप

मंगळवार, ३ ऑक्टोबर १९७२

दात हलतोय. वरचा, पुढचा. तोंडात एवढे दात, पण हलायचा तर हाच — ज्यावर ट्रम्पेट टेकतं तोच!

डेंटिस्ट म्हणाला, "काढावा लागेल, मिस्टर मर्गॅट्रॉयड. उद्याच या." म्हटलं, एकवीस तारखेनंतर बघू. एकवीसला असं काय आहे म्हणे! अठरा वर्षं बर्नार्डच्या बँडमध्ये पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीवर बसतोय, आणि आता कुठं आमची रेकॉर्ड निघतेय. स्टुडिओतली नव्हे, खऱ्या कार्यक्रमाची, हॅलिफॅक्सच्या लोकांसमोर. मँचेस्टरहून टेपवाले येणार. आता दात काढला तर तीन महिने फुंक बंद.

"मग जपून वाजवा," म्हणाला. जपून! शेवटच्या गाण्यात आठ ओळी मी एकटा, आणि मग सगळ्या बँडच्या डोक्यावरून तो उंच सूर. तो काय चमच्यानं वाजवायचा?

बायकोला, डोरीनला, सांगितलं नाही. ती लगेच बर्नार्डच्या बायकोला फोन करेल.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

तालीम. तासभर ठीक. मग दात ठणकायला लागला आणि ओठाची पकड गेली. वरचे सूर मी गिळले. बर्नार्ड पियानोवरून बघत होता.

म्हणजे माझ्याकडे एक तासाची फुंक आहे. कार्यक्रम दोन तासांचा. पहिल्या भागात निम्मं काम शेजारच्या दोघांकडे ढकलता येईल, तेवढं आम्ही नेहमीच वाटून घेतो. शेवटचं गाणं मात्र माझं.

रविवार, ८ ऑक्टोबर

म्हाताऱ्याकडे, म्हणजे वडिलांकडे, जेवायला. त्याची खाट आता खालच्या खोलीत आणलीय, जिना चढवत नाही. गालिच्याच्या गिरणीनं छाती खाल्ली. त्याच गिरणीच्या ब्रास बँडमध्ये चाळीस वर्षं कॉर्नेट, ट्रम्पेटचं धाकटं भावंड, वाजवलं त्यानं. मलाही त्यानंच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय — चुका मोजल्या! सोळाव्या वर्षी मी नाचाच्या बँडमध्ये गेलो, तेव्हापासून त्यानं मला कधी 'वाजव' म्हटलं नाही. ऐकायलाही आला नाही.

सांगितलं, रेकॉर्ड निघतेय. मटारात काटा घालून बसला होता. म्हणाला, "रेकॉर्ड? म्हणजे चूक झाली की कायमची."

पण नंतर मी निघायला बूट घालताना त्यानं हळूच विचारलं, "कधी निघणार म्हणालास?"

डोरीन गाडीत म्हणाली, "बघितलंस? आतून फुललाय तो." फुललाय कसला! पण खरं सांगतो, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. म्हातारा हॉलवर येऊ शकत नाही. रेकॉर्ड ऐकेल. मरायच्या आत एकदा तरी त्याच्या तोंडून 'चांगलं' ऐकायचंय. एकावन्न वर्षांचा घोडा झालो आणि हे लिहितोय. लाज वाटते.

बुधवार, ११ ऑक्टोबर

युक्ती सुचली. एकवीसला दुपारी मायक्रोफोन लावायला सगळं गाणं-न्-गाणं वाजवून बघायचंय. दोन तास. तिथंच माझी फुंक संपायची. म्हणून दुपारी बदली पाठवतो! बसखात्यात तिकीट तपासनीस आहे मी, ड्यूटी आहे म्हणून सांगतो. त्यात गैर काय? आमच्या धंद्यात सगळेच पाठवतात. बदलीनं यायचं, खुर्चीवर बसायचं, समोरचं वाजवायचं, पैसे घेऊन जायचं. नाव खुर्चीवाल्याचंच राहतं.

मॅव्हिस टॅटर्सलला विचारलं. शाळेत पोरांना पितळी वाद्यं शिकवते. जुने लोक म्हणतात, आपल्यापेक्षा चांगला बदली कधी पाठवू नये. पण मायक्रोफोन लावायला कोण ऐकतंय!

मॅव्हिस म्हणाली, "दुपारी मी आणि रात्री तुम्ही? म्हणजे भाजायचं मी आणि खायचं तुम्ही." हसली. पण येते म्हणाली.

शनिवार, २१ ऑक्टोबर

सकाळपासून चार वेळा बूट पुसले. डोरीन म्हणते बस, कातडं निघेल आता.

रविवार, २२ ऑक्टोबर

सूर फाटला.

लिहून टाकतो. हॉल गच्च. मटणाचे पॅटिस आणि मटार मध्यंतरात संपले, लोक बारवर भांडत होते. पहिला भाग छान. दुसराही छान. शेवटचं गाणं आलं. उभा राहिलो. आठ ओळी वाजवल्या — आणि चांगल्या वाजवल्या, हे मी देवासमोर सांगेन! मग सगळा बँड मागून आला, मी वर गेलो, आणि दात सरकला. सूर वरच दुभंगला. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक बिचारे नेहमीच वाजवतात.

बर्नार्डनं खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे क्लिफ. मी बघतो." काय बघणार? टेपवर गेलं ते गेलं. म्हातारा बरोबर बोलला होता.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दात काढला. डेंटिस्टनं बशीत दाखवला. एवढासा!

शुक्रवार, १ डिसेंबर

खोट्या दाताची प्लेट बसवली. ट्रम्पेट लावलं तर नुसता वारा. माझ्या खुर्चीवर मॅव्हिस बसतेय. बर्नार्ड म्हणतो घाई नको. घाई नको असं लोक ज्याला म्हणतात, त्याची कुणाला गरज नसते.

शनिवार, १० फेब्रुवारी १९७३

रेकॉर्ड आली! वेष्टनावर आमचा सगळ्यांचा फोटो, मागे नावं. 'ट्रम्पेट — क्लिफर्ड मर्गॅट्रॉयड.' डोरीननं लगेच लावली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. किटली भरत बसलो. शेवटचं गाणं, आठ ओळी, मग तो सूर —

आख्खा. सरळ. भिंतीत खिळा जावा तसा गेला आणि तिथंच राहिला.

डोरीन रडायला लागली. "क्लिफ! आणि तू म्हणत होतास फाटला!"

मी नाहीच तो. मला कळतं ना! मी सूर खालून उचलतो. हा थेट वरच उतरला.

रविवार, ११ फेब्रुवारी

बर्नार्डला गाठलं. लपवलं नाही त्यानं. "दुपारी टेप चालूच होती. सूर दुपारचे, टाळ्या रात्रीच्या. सगळे करतात हे."

"पण ती मॅव्हिस आहे!"

"ती बदली होती. बदलीचं नाव छापतात का कधी? आणि तूच पाठवलीस ना तिला, ड्यूटी होती म्हणून?" मग डोळा मिचकावला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, क्लिफ. एक रेकॉर्ड आहे आपल्या आयुष्यात. फाटलेली ठेवू?"

सगळं माझ्याच पायानं चालत आलेलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

डोरीन परस्पर रेकॉर्ड घेऊन म्हाताऱ्याकडे गेली! मी ड्यूटीवरून तिथं पोचलो तर शेवटचं गाणं चालू. म्हातारा डोळे मिटून. सुई उचलली गेली.

म्हणाला, "परत लाव."

तीनदा ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. "चांगलं वाजवलंस, पोरा."

पोरा! किती वर्षांनी!

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिलो. हवं होतं ते मिळालं आणि घशाखाली उतरेना.

सोमवार, १९ फेब्रुवारी

म्हातारा गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून रेकॉर्ड ऐकवतोय. त्याच्या बँडमधले दोन जुने जिवंत आहेत, त्यांना पत्रं लिहिली. कुणी भेटलं की मला, "व्वा क्लिफ!" मी हल्ली लांबच्या रस्त्यानं जातो. जेवण जात नाही. बसमध्ये एका बाईचं बरोबर तिकीट दोनदा तपासलं, ती चिडली.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

मॅव्हिस भेटली, शाळेच्या फाटकाशी. मीच विषय काढला. म्हणाली, "मी पैसे घेतले, संपलं. रडगाणं नाही माझं." मग फाटकाची कडी लावत, "फक्त आईला सांगितलं की ती मी आहे. तिनं वेष्टन वाचलं. म्हणाली, मॅव्हिस, दुसऱ्याचं वाजवणं आपलं म्हणून सांगू नये गं."

हसतच सांगत होती. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार, २५ फेब्रुवारी

सांगून टाकलं. दोन्हीकडे.

आधी मॅव्हिसच्या आईकडे. तिच्या रेकॉर्डवर माझं नाव खोडलं, तिच्या लेकीचं लिहिलं, खाली सही केली. बाई सहीकडे बघतच राहिली. मग मला बळंच केक खायला घातला.

मग म्हाताऱ्याकडे. दात, ड्यूटीची थाप, दुपारची टेप, सगळं. एका दमात. म्हटलं, आता उठून मारेल. उठता येत नाही हे विसरलो.

त्यानं आधी छातीतला खोकला काढला. मग म्हणाला, "पोरगी भारी आहे."

"हो."

"आणि तुझं कुठंय?"

"माझं काय?"

"रात्री तू वाजवलंस ते. ते आण."

"बाबा, ते फाटलंय!"

"बहिरा नाही मी. ऐकलं. फाटलेलं आण."

मंगळवार, २७ फेब्रुवारी

मँचेस्टरला फोन केला. टेपवाला म्हणाला, ती टेप पुसली. नव्या टेपा महाग पडतात, कुठल्याशा चर्चची भजनं घेतली तिच्यावर. आठ ओळी चांगल्या वाजवल्या होत्या मी. आता कुणाला खरं वाटणार?

शनिवार, ३ मार्च

म्हाताऱ्याला सांगितलं, टेप नाही. म्हणाला, "मग ट्रम्पेट घेऊन ये." आणलं. त्याच्या खाटेसमोर उभा राहिलो आणि त्या आठ ओळी वाजवल्या. तिसऱ्या ओळीत फाटलं. थांबलो. त्यानं हाताच्या खुणेनं मला उशी नीट करायला लावली, टेकून बसला, आणि म्हणाला, "तिसरीपासून. मला वेळ आहे."