लाईट गेल्यावरचा फोन

रियाध, शुक्रवार संध्याकाळ

आमटी दोनदा गरम केली. इथे शुक्रवारची सुट्टी, पण युरोपला नाही ना! नात मुग्धा ताट सोडून त्यांच्या मीटिंगला बसली. तिकडे टेलिफोनचे नवे कायदे होतायत, तांब्याच्या तारा काढून काचेच्या घालणार म्हणे, आणि त्यावरचा फोन घरच्या लाईटवर चालणार. हिची कंपनी त्यांना सल्ला देते.

परवा मी तिला विचारलं, "मग लाईट गेल्यावर फोन कसा लावायचा? गावी आजोबा पडले तेव्हा मिट्ट अंधार होता. त्या तारेच्या फोनवरच डॉक्टर बोलावला मी." वाचले, आणि पुढे दहा वर्षं माझं डोकं खाल्लं.

तेव्हा हसली. "आजी, युरोपमध्ये लाईट जात नाही गं."

"कधीच नाही? आणि म्हातारे पडत नाहीत?"

आज तिनं तोच प्रश्न मीटिंगमध्ये टाकला, वर आजीचा म्हणून सांगितलं. मग एक साहेब म्हणे, मुग्धा, उत्तरही तूच लिहून दे.

चौथी शिकलेली मी, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर साहेब माझ्याच नातीकडे मागतात. आमटी तिसऱ्यांदा गार झाली, होऊ दे. मुग्धाला बजावलंय, एक अक्षर लिहायचं नाही. तारा जो काढणार, उत्तर त्यानंच द्यायचं.